डावा खांदा भिंतीला

सोमवार, ३ मार्च

फेरतपासणीचं काम अखेर माझ्याकडे आलं. "काका, हे तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही," मॅडम म्हणाल्या. मी त्यांचा काका नाही. वयानं त्या माझ्या पहिल्या सोल्डरिंग गनपेक्षा लहान आहेत, म्हणून सोडून देतो. उरलेलं वाक्य मात्र बिनचूक होतं.

काम असं. आमचं दुकान म्हणजे शटर आणि काउंटर नव्हे. लोक घरबसल्या कॉम्प्युटरवर खेळ विकत घेतात, ते दुकान. तिथं रोज ढिगानं नवे खेळ येतात. कालचा खेळ आज खाली सरकतो, परवाचा तळाला जातो, आणि तळाला कुणीही फिरकत नाही. तिथं गाळ साचलाय अशी ओरड आहे. तेव्हा तळातला एकेक खेळ उघडायचा, तपासायचा आणि महिनाअखेरीला शिक्का मारायचा, 'ठेवा' किंवा 'काढा'. 'काढा' म्हणजे कायमचं. पुन्हा अर्ज नाही.

बाकीचे तपासनीस कॉलेजातून आलेत. त्यांचं काही वाईट बोलणार नाही, मुलं हुशार आहेत. पण मी नाणं टाकून खेळायच्या मशीनच्या पोटात डोकं घालून शिकलो. मला कुणी शिकवलं नाही आणि माझ्यात खोटही कुणी काढलेली नाही.

पहिला खेळ हातात आलाय, 'टोप्यांचं गाव'. वादळी वाऱ्याचं गाव, लोकांच्या टोप्या उडतात, आपण त्या पकडून घरोघरी पोचवायच्या. बरेच जण एकाच वेळी त्या गावात फिरू शकतात. दुकानात आजवर त्याला एकच अभिप्राय मिळालाय. 'फार छान. वारा थोडा कमी करावा. जेवलीस का?'

शेवटच्या प्रश्नाचा खेळाशी संबंध लागला नाही. तशी नोंद केली.

मंगळवार, ४ मार्च

आज गावात उतरलो.

आधी पात्र बनवावं लागतं. हौशी माणसं इथं स्वतःसारखा चेहरा बनवत बसतात. तपासनीसानं प्रत्येक माप टोकाला न्यायचं असतं, कारण खेळ फुटतो तो टोकालाच. म्हणून उंची जास्तीत जास्त, पाय कमीत कमी, पोट पूर्ण, डोकं लिंबाएवढं, मिश्या शेवटपर्यंत. नावाच्या जागी 'ळ' हे अक्षर मावेल तितक्या वेळा भरलं. निम्म्या खेळांचे फाँट 'ळ'पाशी मान टाकतात. हा टिकला. ळळळळळळळळळळळळ, अगदी स्वच्छ, गाठीसुद्धा गोल.

मग माझी पद्धत. डावा खांदा भिंतीला लावायचा आणि फेरी संपेपर्यंत सोडायचा नाही. अंधारात भिंत चाचपत दिव्याचं बटण शोधावं तसं. एकही कोपरा सुटत नाही. प्रत्येक कोपऱ्यावर तीन उड्या मारायच्या. पहिलीत पाय अडकला तर योगायोग, दुसरीत शंका, तिसरीत पुरावा. प्रत्येक दार उघडायचं, लावायचं, पुन्हा उघडायचं. प्रत्येक बाकावर बसायचं. बोलायच्या चौकटीत 'चाचणी, चाचणी' असं लिहून बघायचं. ही पद्धत मी स्वतः शोधली. जगात दुसरं कुणी वापरत असेल असं वाटत नाही.

गावात चिटपाखरू नव्हतं. वारा मात्र होता, आणि एक गोष्ट लिहून ठेवतो. टोपीची फीत वाऱ्याच्या दिशेनं उडते, आणि आपण आडोशाला गेलो की आधी फीत पडते, मग टोपी. हे कुणीही तपासणार नव्हतं. तरी ते केलंय.

दोष भरपूर. बेकरीचं दार उघडतं तेव्हा बेकरीवाल्याच्या नाकातून जातं.

शुक्रवार, ७ मार्च

दोष कळवले होते. खेळ बनवणारीचं उत्तर आलं. सगळं काम एकटीनंच केलंय आणि सही करते 'टोपीवाली'.

'तपासनीस साहेब, बेकरीवाल्याचं नाक एक बोट मागे घेतलंय. त्याची काही तक्रार नव्हती पण तुमची होती. बाकी दोषांवर हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातली रात्रपाळी संपली की बसते. एक विचारू? महिनाअखेरीला "काढा" आलं तर गावाचं काय होतं? म्हणजे ते कुठं जातं? हा गेला तर दुसरा गेम करीन असं मी सगळ्यांना सांगत असते. करणार नाही. एवढा वारा पुन्हा नाही जमायचा मला.'

तपासनीसानं उत्तरात भावना आणू नयेत. लिहिलं, 'पुसलं जातं. दार अजून किंचित घासतं.'

पाठवल्यावर वाटलं, 'किंचित' शब्द सौम्य होता. ठीक आहे.

सोमवार, १० मार्च

अपमान झालाय. शांत डोक्यानं लिहितो.

सकाळी फेरीला लागलो. डावा खांदा भिंतीला. पहिल्या कोपऱ्यावर तीन उड्या मारल्या आणि मागून आवाज आला, धप धप धप. वळून पाहिलं तर एक बुटकं पात्र, डोक्यावर किटली, डावा खांदा भिंतीला. मी दार उघडलं, लावलं, उघडलं. त्यानंही उघडलं, लावलं, उघडलं. मी बाकावर बसलो. तो शेजारी येऊन बसला.

म्हणजे मॅडमनी माझ्या कामावर दुसरा तपासनीस बसवलाय. माझं काम तपासायला! आणि तेही माझीच पद्धत वापरून!

दुपारी चहाच्या मशीनपाशी सहज म्हणालो, "मॅडम, विश्वास नसेल तर तोंडावर सांगावं माणसानं."

"काय झालं काका?"

"काही नाही. किटली डोक्यावर घालून माणसं पाठवायची गरज नव्हती."

मॅडमनी भरलेला कप परत मशीनवर ठेवला. "काका, घरी सगळं बरंय ना?"

नाटक छान करतात.

घरी आल्यावर हिला सांगितलं. ही म्हणाली, "अहो, किटली कसली? चहाची की पाणी तापवायची?" माझी बायको लग्नापासून माझ्या कामाला 'ते तुमचं टुकटुक' म्हणते. आज पहिल्यांदा तपशील विचारला. अपमान निम्मा झाला.

मंगळवार, ११ मार्च

आज दोघे आले.

गुरुवार, १३ मार्च

सहा. त्यातल्या एकाला अजून सराव नाही, कोपऱ्यावर दोनच उड्या मारतो आणि दम लागल्यासारखा उभा राहतो. नाव 'मीच ती', म्हणजे बाईमाणूस असावं. कच्चे उमेदवार का भरती करतात कळत नाही.

कन्या आज जेवताना म्हणाली, "बाबा, तू फेरी कधी सुरू करतोस रे? रोज एकाच वेळी?"

"शिस्त म्हणजे काय असते? ऑफिसात पोचलो, बाटली भरली, की फेरी."

"म्हणजे साधारण दहाला. आणि उलटी फेरी कधी करतोस का?"

"उलटी कशाला करीन? मी काय वेडा आहे?"

"नाही नाही, मैत्रिणी विचारत होत्या," म्हणाली आणि मोबाइलमध्ये तोंड घातलं. हसत होती. कॉलेजातल्या मुलींना गुणवत्ता तपासणीत रस वाटू लागलाय. पिढी वाटते तितकी वाया गेलेली नाही.

सोमवार, १७ मार्च

उलगडा झाला! घाईत लिहितोय म्हणून अक्षर वाकडं आलंय, नाहीतर माझं अक्षर छापल्यासारखं असतं.

आज फेरीत माझ्यामागे माणसं किती ते मोजायचं मी सोडून दिलं. रांगेचं शेपूट मागच्या गल्लीत आणि मी पुढच्या चौकात. सगळ्यांचा डावा खांदा भिंतीला. मी थांबलो की रांग थांबते. मी उडी मारली की गाव हादरतं. मी 'चाचणी, चाचणी' लिहिलं, तर मागून शंभर वेळा उमटलं, 'चाचणी, चाचणी', आणि कुणीतरी 'आमेन'च्या चालीवर 'ळळळ' लिहिलं.

एका माणसावर एवढे तपासनीस बसवायला दुकान काही खुळं नाही. याचा अर्थ एकच. दुकानानं माझी पद्धत अधिकृत केली आहे, आणि हे नवे लोक प्रशिक्षणाला आले आहेत. मॅडम मला आधी सांगणार नाहीत, समारंभात सांगतील.

म्हणून आज सावकाश चाललो. शिकणाऱ्याला दिसलं पाहिजे. दार जरा नाटकीपणानं उघडलं. बाकावर बसताना आधी बाक झटकला. मागे सगळ्यांनी बाक झटकला. बाक एकच होता, त्यामुळे दुपारपर्यंत रांग संपली नाही.

दुपारी हिला फोन केला तर म्हणाली, "आत्ता नको हो, मी रांगेत आहे."

"कसल्या?"

"बँकेच्या," म्हणाली, आणि फोन ठेवला. आज संपामुळे बँका बंद होत्या, पण माणसाची चूक होते.

बुधवार, १९ मार्च

गंभीर दोष सापडला. मनोऱ्यामागच्या भिंतीत एक फट आहे. डावा खांदा लावून जाणाऱ्यालाच ती सापडते, दुसऱ्या कुणाला सात जन्मात नाही. फटीतून मी सरळ जगाच्या बाहेर पडलो. खाली काही नाही, नुसतं निळं. मी पडतोय, मिश्या वर उडतायत, आणि वर बघतो तर उमेदवार एकामागून एक येतायत. फटीपाशी तीन उड्या आणि खाली. तीन उड्या आणि खाली. पाऊस पडावा तशी माणसं. किटलीवाला तर उलटा पडत होता. चौकटीत सगळे 'हाआआआ' लिहीत होते. अभ्यासाच्या दृष्टीनं ही नोंद निरुपयोगी आहे, पण मीही एकदा लिहिलं.

नियमानं हा पहिल्या वर्गाचा दोष. महिनाअखेरीआधी दुरुस्त नाही झाला तर 'काढा', त्यात माझाही इलाज नाही. टोपीवालीला तसं कळवलं.

गुरुवार, २० मार्च

फट बुजली. इतकं झटपट काम मी तरी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही. टोपीवालीचं उत्तर आलंय.

'साहेब, भिंत लिंपली. पण सकाळपासून लोक भिंतीपाशी येऊन रडकी तोंडं करून उभे राहतायत. एकानं फुलं ठेवली. माझ्या गेममध्ये फुलं नव्हती, त्यानं टोपीचीच पाकळ्यांसारखी घडी केलीय. साहेब, इतकी माणसं मी गावात पहिल्यांदा बघतेय. काल कामावर हसत होते तर मुकादम म्हणाला, बाई, ताप आलाय का. ही माणसं कुठून आली हो?'

लिहिलं, 'दर्जा सुधारला की माणसं येतात.' बेकरीच्या दाराचंच उदाहरण दिलं.

मंगळवार, २५ मार्च



मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं समारंभाचं. आरशात केस सारखे करून गेलो. स्क्रीनवर 'टोप्यांचं गाव' होतं आणि त्याभोवती लाल चौकट.

"काका, तुमच्या या गेममध्ये घोटाळा आहे. सिस्टिमनं पकडलाय."

सिस्टिम म्हणजे आमची चाळणी. कोण कसा खेळतो यावर ती दिवसभर डोळा ठेवते. काही भामटे आपला खेळ वर यावा म्हणून बनावट खेळाडू सोडतात. माणसं नसतातच, यंत्रं असतात, आणि यंत्रं ओळखायची खूण म्हणजे ती सगळी एकसारखी चालतात.

"हे बघा," मॅडम म्हणाल्या. "शेकडो खेळाडू. सगळे एकाच बाजूनं भिंतीला चिकटून चालतात. प्रत्येक कोपऱ्यावर बरोब्बर तीन उड्या. माणसं असं करतात का? कुठला शहाणा माणूस असं करेल?"

मी भिंतीला टेकलेला डावा खांदा काढून घेतला.

"बाईनं स्वतःच भाडोत्री गर्दी आणलीय. उद्या संध्याकाळी काढून टाकते. फेरतपासणीची वाट बघायचं कारण नाही."

"ते आपले तपासनीस नाहीत?" मी विचारलं.

"कोण आपले?"

"प्रशिक्षणाला आलेले?"

"काका, आपल्याकडे तपासनीस पाच आहेत. त्यातला एक रजेवर आहे."

जागेवर येऊन बसलो. बाटली भरायचं विसरलो.

घरी कन्येला समोर बसवलं. आधी काही नाही म्हणाली, मग ओठ चावला, मग फुटली. "बाबा, मी फक्त एकदा तुझा डबा द्यायला ऑफिसात आले तेव्हा तुझ्या स्क्रीनवर तो उंच मिशीवाला बघितला आणि मैत्रिणीला सांगितलं. तिनं किटली घातली. मग तिनं तिच्या भावाला सांगितलं. मी नुसती वेळ सांगायचे, देवाशप्पथ. लोक तुला बघायला येतात बाबा!"

"मला? का?"

कन्येनं हिच्याकडे पाहिलं. ही भाजी निवडत होती, मान खाली. "काम बघायला हो तुमचं," ही म्हणाली. "इतकं निगुतीनं कोण करतं हल्ली?"

तसंच असणार. पण त्यामुळे त्या बाईचं गाव पुसलं जाणार. तिनं काही केलेलं नाही. जे केलं ते माझ्या डाव्या खांद्यानं केलं.

बुधवार, २६ मार्च

सकाळी मॅडमच्या दारात उभा राहिलो. "ती चाल माझी आहे," म्हणालो.

"कसली चाल?"

"तो उंच. बारा ळवाला. मी आहे. कुठला शहाणा माणूस असं करेल विचारलंत ना? मी करतो. आणि मागची सगळी माणसं आहेत, यंत्रं नाहीत."

मॅडमनी डोक्याला हात लावला. "काका, तुमचा शब्द मला पुरेल, सिस्टिमला नाही पुरणार. पुरावा?"

"माझ्या शेजारी बसा."

फेरीची वेळ झाली होती. गावात उतरलो तर बेकरीपासून मनोऱ्यापर्यंत रांग तयार. मॅडम खुर्ची ओढून बसल्या, मागे कॉलेजातली मुलं येऊन उभी राहिली. मी डावा खांदा भिंतीला लावला, चौकापर्यंत गेलो, आणि चौकाच्या मधोमध भिंत सोडून थांबलो. हात कीबोर्डवरून उचलला. यंत्राला थांबायचा कंटाळा येत नाही, माणसाला येतो, असा माझा हिशोब.

सगळे थांबले. एकही हलेना. शेकडो पात्रं, खांबासारखी. नुसती फितींची फडफड. मॅडम हळूच म्हणाल्या, "बघा काका. यंत्रंच आहेत."  इतकी शिस्त लावायला नको होती मी.

मग चौकटीत एक ओळ उमटली. 'ळकाका थांबले.'

'भिंत सोडली!!'

'बहुतेक जेवायला गेले.'

'दहाला कोण जेवतं.'

'माझे सासरे.'

'कुणी हात लावू नका, त्यांना राग येतो.'

'त्यांना थंडी वाजत असेल, वारा बघा किती आहे.' ही ओळ 'मीच ती'ची. आणि ती दोन-उड्यावाली पुढे आली, तिच्या डोक्यावरची निळी टोपी काढली आणि माझ्या लिंबाएवढ्या डोक्यावर ठेवली.

मग किटलीवाल्यानं किटली ठेवली. मग तिसरी, पिसाची. मग बांध फुटल्यासारखे सगळे आले. टोपीवर टोपी, टोपीवर टोपी. कुणी दुसऱ्याच्या खांद्यावर चढून ठेवतोय, कुणी खालून फेकतोय, वारा निम्म्या उडवतोय, त्यांच्यामागे माणसं धावतायत, एकमेकांना धडकून पडतायत. एकजणही दुसऱ्यासारखा चालत नव्हता. मॅडम खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या होत्या. "काका, त्यांना काहीतरी विचारा! लिहा ना!"

'चाचणी' आणि तो एक 'हाआआआ' सोडून मी या चौकटीत कधी काही लिहिलं नव्हतं.  लिहिलं, 'आपण कोण?'

उत्तरं आधी एक-दोन आली. मग धो धो.

'बोलले!!!'

'मी नर्स, सुट्टीत आहे, डबा थंड होतोय.'

'मी दाताच्या डॉक्टरकडे बाहेर बसलोय, आत किंचाळतंय कुणीतरी.'

'आम्ही दोघं आहोत, एका माउसवर, भांडण चालू आहे.'

'मी निवृत्त आहे. काल मुलाला पहिल्यांदा फोन करून विचारलं, उडी कशी मारायची.'

'मी मीटिंगमध्ये आहे कृपया हसवू नका.'

'तुम्ही कोण काका??'

मॅडम टेबलावर डोकं ठेवून हसत होत्या. खांदे हलत होते, आवाज येत नव्हता. कॉलेजातला एक पोरगा डोळे पुसत म्हणाला, "सर, यंत्राला सासरे नसतात." मॅडमनी तशाच अवस्थेत हात लांब करून चाळणीची लाल चौकट काढून टाकली.

तेवढ्यात माझं लक्ष वर गेलं. टोप्यांची रास इतकी उंच झाली होती की तिचं टोक आभाळातून आरपार गेलं होतं. आभाळाला भोक. मी लगेच नोंद करायला घेतली. मॅडम म्हणाल्या, "काका, आत्ता?" आत्ताच. दोष दिसला तेव्हाच लिहावा.

घरी आलो तर ही म्हणाली, "निळी तुम्हाला शोभते हो."

मी अंगभर बघितलं. माझ्या अंगावर निळं काही नव्हतं.

शुक्रवार, २८ मार्च

शिक्का मारला. 'ठेवा.'

दया म्हणून नाही, कुणी तसं म्हणू नये. सगळे दोष पुन्हा तपासले. दार आता घासत नाही. राहता राहिलं आभाळाचं भोक. नियमानं 'दुरुस्ती करावी' असं लिहायला हवं. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. शेवटी लिहिलं, 'टोप्या ठेवायला वर जागा लागते. भोक राहू द्यावं.' माझ्या आयुष्यात मी असं वाक्य लिहिलेलं नाही. वाचून पाहिलं. बिनचूक होतं.

टोपीवालीचं उत्तर मिनिटात आलं.

'साहेब, साहेब, साहेब. मी कपडे धुवायच्या मशीनपाशी उभी राहून ओरडले, सगळं हॉस्पिटल धावत आलं. गाव दुकानाच्या पहिल्या पानावर आलंय, माझा विश्वास बसत नाही म्हणून मी दर दोन मिनिटांनी बघतेय. आईला सांगितलं. ती म्हणते, मी पहिलाच अभिप्राय लिहिला होता, माझ्यामुळेच झालं. तिला म्हटलं, हो. तुम्हाला पण हो म्हणते. आता खरं सांगा, वारा कमी करू का?'

लिहिलं, 'मुळीच नाही.' मग तपासनीसानं भावना आणू नयेत हे आठवून त्यापुढे लिहिलं, 'फितीचं काम उत्तम आहे.' ही भावना नव्हे, निरीक्षण आहे.

सोमवार, ३१ मार्च

मॅडमनी शुक्रवारी निघतानाच तळातला पुढचा खेळ दिला. पाण्याखालचं टपाल ऑफिस. पाणबुड्याचा वेष घालून बुडालेल्या गावात पत्रं वाटायची. कित्येक दिवसांत त्यात कुणी पाऊल ठेवलेलं नाही. अभिप्राय शून्य, आईचासुद्धा नाही.

"काका, याचं काही होणार नाही असं वाटतंय," मॅडम म्हणाल्या. "पण तुम्ही बघा." आणि उगाचच हसल्या.

घरी मी नव्या खेळाचं नाव सांगितलेलं नव्हतं. सकाळी निघताना फक्त एवढंच म्हणालो होतो की आज पाण्याखाली काम आहे, कोरडे मोजे बॅगेत टाक. हिला विनोद कळला नाही. मोजे टाकले.

पात्र बनवलं, सगळी मापं टोकाला. ळ पाण्यात जरा हलतो पण फुटत नाही. खाली उतरलो. हिरवा अंधार, माशांशिवाय कुणी नाही. टपाल ऑफिसच्या भिंतीला डावा खांदा लावला आणि चालू लागलो. पाण्यात पाऊल सावकाश पडतं. पहिल्या कोपऱ्यावर तीन उड्या मारल्या. प्रत्येक उडीला बुडबुडे निघतात, मोजले, गोल आहेत.

मागे पाण्यात धप झालं. मग आणखी एक. मग, दम घेऊन, दोन.

तपासनीसानं काम चालू असताना मागे वळून बघू नये. मी वळलो नाही. रस्ता जरा रुंद होता तिथून चाललो, म्हणजे सगळे मावतील.